तिचा बाजारवाला

"चुकलो ना बापा," असं तो म्हणायचा. दुसरा माणूस "जेवलो" म्हणतो तितक्या सहज. म्हणायचा, उठायचा, चहाचा कप विसळून ओट्यावर पालथा घालायचा. बास. झाला तोटा.

तुम्ही सांगा, तुमच्या ओळखीत असं म्हणणारी माणसं किती आहेत? मी जन्म बंगळूरच्या बोम्मसंद्र्याला लेथ मशिनवर काढला. तिथं कुणी "चुकलो" म्हणत नाही. मटेरियल खराब असतं, टूल बोथट असतं, आधीच्या पाळीवाल्यानं सेटिंग हलवलेलं असतं. जॉब भंगारात गेला तरी हात आपला सरळच असतो. घरीही माझा तोच कायदा. आणि हा, शिकला-सवरलेला, चांगली कंपनीतली नोकरी सोडून शेअर बाजार करणारा माणूस, दिवसातून दोनदा "चुकलो" म्हणायचा आणि वर त्याला भूक लागायची.

आपल्या मराठी मंडळाच्या पोरांनी सांगितलं, काका, अंकासाठी काकूंवर काहीतरी लिहा. मी सातवी नापास. तरी बसलो. पण बायकोवर लिहायला बसलं की डोळे भरतात, मग कागद ओला होतो, मग मला राग येतो. म्हणून ह्याच्यावर लिहितो. ह्याच्यावर लिहिताना नुसता राग येतो. त्यात लिहिता येतं.

मी त्याच्यावर जळायचो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको. अजूनही जळतो. नाव लिहीत नाही.

आमचं घर मारतहळ्ळीत, रिंग रोडच्या मागच्या जुन्या गल्लीत. खाली घरमालक, मध्ये आम्ही दोघं, वर गच्ची आणि गच्चीवर एक खोली. त्या खोलीत पोरं यायची आणि जायची. लॅपटॉपवाली, रात्रीच्या पाळीवाली. मग हा आला. चाळिशीचा, एकटा, नागपूरकडचा. पहिल्या दिवशी जिन्यात भेटला आणि म्हणाला, "नमस्कार काका, काय करून राहिले?" मी म्हटलं, जिना चढून राहिलोय, दिसत नाही? तो हसला. मला वाटलं होतं रागावेल.

उन्हाळ्यात आमची ही गच्चीवर सांडगे-पापड घालायची आणि काठी घेऊन राखत बसायची. इथले कावळे फार धीट. तिथं तो एकदा दार उघडून बाहेर आला. पुढचं तिनंच मला सांगितलं, पोट धरून हसत.

"काकू, एक काम कराल का? मी एक आकडा सांगतो. भाव त्याच्याखाली गेला की मला उठवा."

"झोपणार आहेस व्हय?"

"नाही ना. जागाच असतो. पण तेव्हा मी ऐकत नसतो."

ही लहानपणी निपाणीला तंबाखूच्या वखारीत आईबरोबर काम केलेली. भाव म्हणजे काय, माणूस भावापुढं कसा वेडा होतो, हे तिला शिकवावं लागलं नाही. तिनं हातातली काठी सांडग्यांजवळ ठेवली आणि दारातून त्याच्या स्क्रीनकडं बघत बसली. आकडा मोडला. ही म्हणाली, "ऊठ." तो उठला.

दुसऱ्या दिवशी सांडगे नव्हते, तरी ही वर गेली.

त्याची पद्धत अशी होती. रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी तो मोठ्यानं सांगायचा, "काकू, आज इथपर्यंत. ह्याच्याखाली गेलं की मी बाहेर." कुठं घ्यायचं हे तो सांगायचा नाही, किती मिळणार हे तर नाहीच. बाहेर कुठं पडायचं, तेवढंच. लिहून ठेवायचा नाही. यंत्रात घालून ठेवायची सोय असते म्हणे, तिला ते स्टॉपलॉस म्हणतात. मी म्हटलं, मग यंत्रात घाल की, माझी बायको कशाला? तर म्हणाला, "काका, यंत्रातला आकडा मीच बदलतो. चोरून. काकूंना सांगितलेला बदलता येत नाही. लाज वाटते."

असा हा धंदा. शिकलेल्या माणसाला स्वतःपासून वाचवायला सांडगे राखणारी बाई लागते.

आणि मला काय झोंबायचं सांगू? सगळ्या संसारात तिनं मला कधी "ऊठ" म्हटलं नाही. मी बसलो की बसलो. त्याला म्हणायची, आणि तो उठायचा.

ती खाली आली की घरभर त्याचंच. "आज तो काहीच करत नव्हता, नुसता बसलेला. म्हणाला, आज आपला दिवस नाही." मी म्हणायचो, बिनकामाचा बसला त्याचं काय कौतुक? मीही दिवसभर गॅलरीत बसतोच की. ती म्हणायची, "तुम्ही बसता तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालता. तो गप बसतो. गप बसायला काय लागतं ते तुम्हाला नाही कळायचं."

आमटीत मीठ जास्त पडलं तेव्हा ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "चुकले." आणि माझ्याकडं बघत राहिली, जसं काय आता माझी पाळी.

एकदा संध्याकाळी तो जिन्यात मल्लिगेची, आपल्या मोगऱ्याची, माळ घेऊन उभा. केळीच्या पानात गुंडाळलेली. मला म्हणाला, "काका, ही काकूंना द्या. तुम्हीच द्या." माझं डोकं फिरलं. ह्याला एवढं कळतं की माळ त्यानं द्यायची नाही, मी द्यायची. मग मला काऊन कळत नाही, त्याच्याच भाषेत सांगायचं तर? मी ती माळ फ्रिजमध्ये भाज्यांमागं दडवली आणि दुसऱ्या दिवशी माझी म्हणून दिली. तिनं वास घेतला. म्हणाली, "शिळी आणलीत." तरी माळली.

मीही एक शेअर घेतला होता. आमच्या दूधवाल्याच्या भावानं सांगितलेला. मला वाटलं, एक दिवस मी हिला सांगेन की बघ, तुझ्या त्या बाजारवाल्याला जमलं नाही ते मला जमलं. शेअर पडला. मी आणखी घेतला. आणखी पडला, आणखी घेतला. हिनं वर जाऊन सांगितलं असणार. तो मला जिन्यात गाठून म्हणाला,

"काका, अजून घेतला म्हणे?"

"स्वस्त मिळतोय."

"स्वस्त नाही ना काका. पडून राहिला तो."

"माझा आहे. मी सोडत नसतो."

मग म्हणाला, "तो आपला आहे हे शेअरला माहीत नसतं, काका."

मी म्हटलं, चल, मोठा आला शहाणा. तो "सरी सरी" करत वर गेला. इथं येऊन कन्नड एवढंच शिकला होता, सरी म्हणजे बरं आणि स्वल्प म्हणजे थोडं. वाद आला की सरी, जेवायला वाढलं की स्वल्प. तो शेअर अजून माझ्याकडं आहे. येईल वर.

खालच्या चहाच्या टपरीवर कंपन्यांतली पोरं मोबाईलवर शेअर खेळायची. एखाद्यानं कमावलं की टपरी डोक्यावर घ्यायची. हा त्यांच्यात उभा राहून ऐकायचा आणि म्हणायचा, "छान. जेवलास?" मी एकदा खोदून विचारलं, "खरं सांग. त्याला मिळालं, तुला नाही. पोटात काहीच होत नाही?"

"होतं ना."

"मग?"

"मग मी भांडी घासतो." आणि म्हणाला, "ह्या धंद्यात हेवा परवडत नाही, काका. दुसऱ्याचं बघून घेतलेलं आपल्याला पचत नाही."

म्हणजे मी ह्या धंद्यात पहिल्याच दिवशी नापास. सातवीत तरी वर्ष काढलं होतं.

आणि ज्या दिवशी त्याला खूप मिळालं त्या दिवशीही बघितलं मी त्याला. मिळालं हे मला हिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती वरून येताना गुणगुणत होती. मी म्हटलं आता पेढे येतील, निदान बोलताना तरी ऐट येईल. मुद्दाम वर गेलो, वाळत घातलेला टॉवेल आणायचं निमित्त काढून. दारातून दिसलं ते असं: मोसरन्न खात होता, डब्यातूनच. "या काका. दहीभात, स्वल्प?" खाल्ला, डबा धुतला, आडवा झाला. मला त्याच्या घोरण्याचासुद्धा हेवा वाटला.

बाजार जोरात पडला त्या दिवसाचं सांगतो, म्हणजे तुम्हाला दोघांची जोडी कळेल. सकाळपासून भाव घसरत होता. त्याचा आकडा आला. ही म्हणाली, "ऊठ." आणि पहिल्यांदाच तो उठला नाही.

"काकू, पाच मिनिटं. फिरणार आहे तो. मला दिसून राहिलं."

"पाच मिनिटं नाही अन् दोन नाही. तू सकाळी काय म्हणालास? ऊठ."

"काकू..."

हिनं जाऊन त्याच्या मनगटाला धरलं. आपल्या पोराला आगीजवळून ओढतात तसं. त्यानं विकलं, तोट्यात. कप विसळला. दुपारी टपरीवरच्या पोरांची तोंडं बघवत नव्हती. एक जण फुटपाथवर डोकं धरून बसलेला. आणि हा आमचा गॅसचा सिलेंडर खांद्यावर घेऊन जिना चढत होता, हिच्याशी गप्पा मारत. मला म्हणाला, "काका, आज काकूंनी वाचवलं." मी म्हटलं, सिलेंडर सरळ धर.

मला त्या रात्री घास गेला नाही. तिनं त्याचं मनगट धरलं हे ती मला सहज सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तसं. त्यात काही नव्हतं, मला माहीत आहे. तो तिला मुलासारखा. पण जिला मी उभ्या आयुष्यात कधी मोठा आवाज काढताना ऐकलं नाही, ती वरच्या खोलीत कुणावर तरी हुकूम चालवत होती आणि तिला ते शोभत होतं. ती बाई मला कधी भेटलीच नव्हती. तिला फक्त तो ओळखत होता.

मग ती आजारी पडली.

गणपती झाल्यावर तिनं पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. दवाखाने सुरू झाले. मुलगी कोल्हापुरात दिलेली, तिला लहान मूल, ती येऊन-जाऊन. गाडीघोड्याला हाच. एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, गणपतीनंतर. मागून हा हळूच म्हणाला, "उगादीच्या आधीपासून."

उगादी, आपला पाडवा. म्हणजे सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा. मी मागं वळून त्याच्याकडं बघितलं. त्यानं नजर चुकवली नाही. हेही त्याचं एक होतं. वाईट बातमी असली की सरळ तोंडाकडं बघायचा.

बाहेर पायरीवर मी त्याची कॉलर धरली.

"तुला आधी सांगितलं तिनं?"

"हो काका. पहिला रिपोर्ट आणायला मीच गेलो होतो."

"आणि मला सांगायचं नाही?"

"काकूंनी शपथ घातली. गणपती होईपर्यंत तरी नको म्हणाल्या. मी रोज म्हणत होतो, काकांना सांगा."

"बायको माझी आहे."

"हो ना काका," तो म्हणाला. कॉलर सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही त्यानं.

घरी येऊन मी तिला विचारलं. मोठ्यानं विचारलं, लपवत नाही. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, काही नाही झालेलं, डॉक्टर चोर आहेत. मग मला तुम्हालाच धीर देत बसावं लागलं असतं. त्याला सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, काकू, आता काय करायचं? मला तेवढंच हवं होतं हो. कुणीतरी नुसतं विचारावं."

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायला माझ्याकडं शब्द नाही. दुःख होतंच. पण त्याच्यावर चढून बसलेलं दुसरं काहीतरी होतं. मरणाची बातमीसुद्धा मला शिळी मिळाली होती.

औषधं झाली, ती सलाईनमधून देतात ती झाली. केस गेले. पहिल्यांदा जरा बरं वाटलं, मग नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक प्रकार आहे, दुसऱ्या हॉस्पिटलात, करून बघता येईल, पण खात्री नाही. मी म्हटलं, करायचं. मी गाडीची चौकशी करायला निघालो तर हा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये माझ्यापुढं उभा.

"काका, काकूंनी एक हद्द सांगून ठेवलीय मला. उगादीनंतरच सांगितली होती. म्हणाल्या, इथपर्यंत करायचं. ह्याच्यापुढं गेलं की मला घरी न्यायचं. ती हद्द आली, काका."

तुमच्या लक्षात आलं का? त्याचीच पद्धत तिनं त्याच्यावर उलटवली होती. आकडा तिचा, आणि राखण त्याची.

मी ओरडलो. "हद्द? शेअर आहे का ती तुझा? पडला की विकायला?"

सगळा पॅसेज बघायला लागला. नर्स आली. हा उभाच.

"मला शिव्या द्या काका. मारा पाहिजे तर. पण काकूंना घरी न्यायचं."

त्याचा आवाज चढला नाही. मला त्याचाच राग आला. हात उगारला मी. उगारला तो तसाच राहिला, कारण आत दार उघडं होतं आणि ती कॉटवरून माझ्याकडं बघत होती. हळूच म्हणाली, "उठा हो आता."

मी उभाच होतो. पण मला कळलं.

आम्ही तिला घरी आणलं. मी अजूनही म्हणतो, आणखी एक डॉक्टर बघायला हवा होता. मुलगी म्हणते, नाही बाबा, आईला बरं वाटलं घरी. मंडळाचे लोकही तेच म्हणतात. म्हणू देत. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही.

बरं वाटलं तिला, हे मात्र खरं. भाताची पेज मागून घ्यायची. सकाळचं ऊन हवं म्हणाली, तर आम्ही दोघांनी हात गुंफून तिला गच्चीवर नेलं, एका बाजूनं मी, एका बाजूनं तो. वजन असं उरलंच नव्हतं. त्याच्या नि माझ्या बोटांत तिचं सगळं. ती उन्हात डोळे मिटून म्हणायची, "आज कितीवर रे?" तो आकडा सांगायचा. ती म्हणायची, "बघ हं. मोडला तर ऊठ."

तो आकडा खोटा होता. मला माहीत होतं, कारण तो सकाळ-संध्याकाळ आमच्याच घरात असायचा, त्याच्या खोलीला कुलूप. आकड्याच्या बाबतीत कधी खोटं न बोललेला माणूस रोज सकाळी माझ्या बायकोला एक खोटा आकडा सांगायचा, अगदी पैशापर्यंत. आणि मी त्याच्यावर जळायचो, कारण मला तिला सांगायला खोटंसुद्धा सुचत नव्हतं.

ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. एवढं एक माझं. तो दाराबाहेर चपलांजवळ उभा होता. मी आत ये म्हटलं नाही, आणि तो आला नाही.

नंतरचं सगळं त्यानंच केलं. गाडी, कागद, मुलीला फोन, स्मशानातली पावती. रडला नाही. मला वाटलं, बरोबर आहे, ह्याची सवयच आहे. आता कप विसळेल आणि उद्या सकाळी बसेल.

नाही बसला. मग बसला तर दुपारीच दार लावायला लागला. मला वरचं ऐकू येतं. पूर्वी त्याच्या चपला ठरल्या वेळी वाजायच्या, आता कधीही. जिन्यात भेटला तर दाढी वाढलेली. मी विचारलं, "काय रे, बाजार?"

तो म्हणाला, "आकडा सांगतो काका. मोठ्यानं सांगतो, भिंतीला. पण तो आला तरी मला उठवत नाही." आणि उजवा हात पुढं करून दाखवला. हात थरथरत होता. "असा हात घेऊन त्या स्क्रीनपुढं बसू नये माणसानं. बंद करून राहिलो."

बघा, हेही त्याचंच. दुसरा असता तर होतं नव्हतं ते घालवेपर्यंत बसला असता. ह्यानं स्वतःच्या हाताकडं बघितलं आणि दुकान बंद केलं.

आणि मी? लोक मला विचारायचे, अण्णा, ऊटा आय्ता? मी जेवलेलो असायचो. भाकरी, आमटी, कांदा, सगळं. मला झोपही लागायची. माझ्या हाताला काही झालं नाही. बायको माझी गेली आणि वाळला हा. धंदा ह्याचा बसला. गल्लीतल्या बायका त्याच्याकडं बघून चुकचुकायच्या. मला वाटायचं, अरे, दुःखातसुद्धा माझ्यापुढं जातो का तू?

तरी एक दिवस जिन्यात मी त्याला म्हटलं. कसं म्हटलं मलाच ठाऊक नाही. "मला सांग तुझा आकडा. मी येऊन बसतो. मी उठवतो तुला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसला.

"तुम्ही नाही उठवणार, काका. तुम्ही म्हणाल, थांब, येईल वर."

मलाही हसू आलं. काय करणार, खरं होतं. दोघं जिन्यात हसत उभे राहिलो, आणि मग दोघांनाही एकदम थांबता येईना, आणि नंतर ते हसणं राहिलं नाही.

त्यानं देवनहळ्ळीकडं नोकरी धरली. विमानतळाजवळ कुठलीशी कंपनी, हिशेबाचं काम, महिन्याचा पगार. जायच्या दिवशी गल्लीत टेम्पो आला. मी खाली जाऊन उभा राहिलो. मदत करायला नव्हे, बघायला. सामान ते केवढं. गोधडीत गुंडाळलेला स्क्रीन, शेगडी, दोन पिशव्या, गादी. शेवटी तो एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन उतरला. खुर्चीवर शिवलेली उशी बांधलेली होती, निळी.

मी ती उशी बघितली आणि पुढं झालो. ते माझे शर्ट होते. कारखान्यातले, वर्दीचे. एका कडेला खिशाची शिवण होती आणि तिथं तेलाचा डाग, धुऊन न गेलेला. मी तिला विचारलं होतं ते शर्ट कुठं गेले, तर म्हणाली होती, पोछ्याला घेतले.

"ही कुणाची?" मी म्हटलं.

"काकूंची. ह्याच्यावर बसायच्या त्या." त्यानं खुर्ची टेम्पोच्या फळीवर ठेवली. "काका, ही एक मी नेऊ का?"

"माझे शर्ट आहेत."

"हो. सांगायच्या ना काकू. म्हणायच्या, ह्यांचे शर्ट आहेत रे, ह्यांच्यासारखेच, झिजत नाहीत."

"माझ्याबद्दल बोलायची?"

"रोज. बाजारात काही नसलं की तुमचंच." त्यानं उशीवरची धूळ झटकली. "तुम्ही पहिल्यांदा त्यांना बंगळूर दाखवायला नेलं आणि हट्टानं चुकीच्या बसमध्ये बसवलं..."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मागं पाण्याचा टँकर येऊन उभा होता, गल्ली अडली होती. टेम्पोवाला ओरडला, बेगा बेगा, लवकर.

मी खुर्चीच्या पाठीला धरलं. "खुर्ची राहू दे."

त्यानं वाद घातला नाही. खुर्ची फळीवरून उचलली, रस्त्यावर माझ्यापुढं ठेवली, उशीची सुटलेली नाडी नीट बांधली. वाकून माझ्या पायाला हात लावला आणि पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. टेम्पो निघाला. टँकर त्याच्यामागं सरकायला लागला.

ती रोज काय बोलायची ते सगळं त्या टेम्पोत गेलं. चुकीच्या बसच्या पुढचंसुद्धा. ती कुठल्या बसबद्दल म्हणत होती, मला आठवत नाही. हाक मारायला तोंड उघडलं, पण टेम्पो वळणावर गेला होता.

मी खुर्चीवर बसलो. भर गल्लीत. उशी मऊ होती, मध्ये खड्डा पडलेली, माझ्यापेक्षा लहान माणसाचा. टँकरवाल्यानं हॉर्न दिला, मग आणखी लांब दिला. मान बाहेर काढून म्हणाला, "अण्णा, स्वल्प जागा बिडी." म्हणजे जरा वाट सोडा.

मी म्हटलं, थांब की रे. आत्ताच बसलोय.